ही स्टाउट आहे का करपलेली बासुंदी? गोड काळ्या बिअरबद्दल जरा समजावून सांगा

नाशिककर_लीड्समध्ये

नमस्कार मंडळी, आधीच सांगतो मला बिअरमधलं काही कळत नाही, नाशिकला होतो तेव्हा उन्हाळ्यात एक थंडगार स्ट्राँग आणि शेंगदाणे एवढाच अभ्यास, नाशिकचा म्हणून लोक वाईनबद्दल विचारतात तिथेही मी मान हलवतो फक्त. आठ महिने झाले लीड्सला आहे. इथे थंडी सुरू झाली तसं ऑफिसातले सगळे म्हणायला लागले की आता स्टाउट प्यायची, मग गिनिस प्यायलो, आवडली, कडवट पण हलकी, जड असेल असं वाटलेलं तशी नाही निघाली.

तर परवा कर्कगेट मार्केटला भाजी घ्यायला गेलो होतो, येताना एका बिअरच्या दुकानात शिरलो आणि काळी काहीतरी द्या म्हटलं. त्याने ४४० मिलीचा कॅन दिला, त्यावर केकचं चित्र, ११ टक्के, आणि मागे यादी वाचली तर व्हॅनिला, कॉफी, नारळ, मेपल सिरप, लॅक्टोज. सात पाउंड. एका कॅनचे. घेतला कारण मागे रांग होती आणि परत द्यायची लाज वाटली.

घरी फ्रिजमधून काढून सरळ ग्लासात ओतली. ओतताना काकवीसारखी पडली, म्हणजे खरंच धार दिसत होती. फेस जवळजवळ नाहीच, कडेला तपकिरी रेघ आली आणि गेली. वास घेतला तर आधी कॉफी आणि त्याच्या मागे, हसू नका, चिरलेली ढोबळी मिरची. पहिला घोट करपलेल्या पोळीसारखा लागला, काहीच गोड नाही, म्हटलं फसलो. टीव्ही बघत बघत पंधरावीस मिनिटांनी परत घेतला तर गोड, पण कसला गोड, खजूर आणि ती तूप कढवल्यावर तळाला बेरी राहते ना तिच्यात साखर घालून आपण लहानपणी खायचो तसा. बायकोने एक घोट घेतला आणि म्हणाली ही बिअर नाही, बासुंदी खाली लागलीये.

अर्धा कॅन संपेस्तोवर डोकं जड झालं, उरलेली झाकून ठेवली आणि सकाळी सिंकमध्ये गेली. आता प्रश्न असे की ही खराब झालेली होती का, मिरचीचा वास कशाचा, फेस का नाही, आणि मुळात बिअरमध्ये साखर घालतात का हे लोक? आणि प्यायची कशी ही? कारण चव राहून राहून आठवतेय आणि परत आणावीशी पण वाटतेय.

---

कोलोरॅडोचा_काका

अरे खराब नव्हती, मिरची सोडून. एकेक सांगतो. मी इकडे लाँगमाँटजवळ राहतो, चौदा वर्षं गॅरेजमध्ये बिअर करतोय (अमेरिकेत घरी करायला परवानगी आहे, १९७८ साली कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली) आणि आमच्या गावची लेफ्ट हँड ब्रुअरी मिल्क स्टाउटसाठीच प्रसिद्ध आहे, त्यामुळे हा विषय माझ्या अंगणातला आहे.

साखर म्हणशील तर तो लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. बिअरचं यीस्ट सातूतली साखर खातं आणि त्याची दारू करतं, पण लॅक्टोज त्याला पचतच नाही, आपल्यातल्या काही लोकांना दूध पचत नाही तसंच. म्हणून तो जसाच्या तसा बिअरमध्ये राहतो. मी १९ लिटरच्या एका घाण्याला साधारण ४५० ग्रॅम पावडर घालतो, उकळताना शेवटी शेवटी. आता गंमत बघ, लॅक्टोज आपल्या साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढाच गोड असतो, म्हणजे चहात घातलास तर तुला कळणारही नाही. त्याने होतं काय तर बिअरला साय आल्यासारखं होतं, जिभेवर पसरते. तुझ्या कॅनमधला गोडवा मुख्यतः त्याचा नाही.

तो आला आटवण्यातून आणि सातूतून. या जाड स्टाउटना कित्येकजण तास न् तास उकळत ठेवतात, आपल्या गुऱ्हाळात कढईत रस आटतो तसं, त्यामुळे तुला काकवी आणि बेरी लागली ते बरोब्बर लागलं, रंग आणि चव दोन्ही तिथूनच. शिवाय सातू भिजवताना पाणी जरा जास्त गरम, ६८-७० डिग्रीला ठेवलं की यीस्टला न खाता येणारी साखर जास्त निघते आणि ती मागे उरते. आम्ही हे हायड्रोमीटरने मोजतो, म्हणजे द्रव पाण्यापेक्षा किती जड ते. पाणी १.०००. आयरिश कोरडी स्टाउट आंबून झाली की १.०१० च्या आसपास येते, मिल्क स्टाउट १.०२० च्या आसपास, आणि हे केकचं चित्र असलेले प्रकार १.०४० च्या वरही थांबतात. कुठलीही साधी बिअर आंबायला ठेवायच्या आधी, म्हणजे नुसतं गोड काढ्याचं पाणी असताना, साधारण तेवढी असते! म्हणजे तू जे प्यायलास ते आंबून झाल्यावरही एवढं गोड होतं, वर ११ टक्के दारू. डोकं जड होणार नाही तर काय.

फेस नाही कारण नारळ. नारळात तेल, चॉकलेटात तेल, शेंगदाण्यात तेल, आणि तेल फेसाचं वैरी. भांडी घासताना तेलकट कढईत साबणाचा फेस टिकत नाही बघ. दारू जास्त असली की तीही फेस मारते.

ढोबळी मिरची मात्र तुझं नाक चांगलं असल्याचं लक्षण आहे. कॉफी घातलेल्या स्टाउटमध्ये हा वास येतो हे सगळ्या ब्रुअरना माहीत असलेलं दुखणं आहे, कॉफी कुठली, किती भाजलेली, कशी घातली यावर जातं, आणि कॅन जुना झाला की वाढतं. पुढच्या वेळी कॅनच्या बुडाला भरल्याची तारीख बघून घे. कॉफीवाली असेल तर ताजीच घ्यायची. बिनकॉफीची, जास्त दारूची असेल तर एखादं वर्ष कपाटात राहिली तरी बिघडत नाही, उलट मनुका खजूर वगैरे वाढतात. फार वर्षं ठेवलीस तर सोया सॉस होते, ते माझंही झालंय एकदा, बारा बाटल्या.

आणि हो, फ्रिजमधून काढून लगेच पिऊ नकोस रे. थंडीने जीभ आणि वास दोन्ही मरतात, उरतो फक्त करपटपणा. तुला पंधरा मिनिटांनी जे झालं तेच उत्तर आहे.

---

पुणेरी_पाटी

काका, सगळं ज्ञान मान्य, पण मूळ प्रश्न राहिलाच. बिअर कशासाठी पितात? कडू असते म्हणून. गोडच खायचंय तर चितळ्यांकडे जावं, आंबा बर्फी घ्यावी, घरी यावं. व्हॅनिला, नारळ, मेपल सिरप, उद्या वेलची आणि चारोळी घालतील आणि आपण लीड्सच्या दुकानात सात पाउंड देऊन बासुंदी पिऊ.

मी पुण्यात २००९ ला डूलाली सुरू झालं तेव्हापासून मायक्रोब्रुअरीत जाणारा माणूस आहे, पुण्यात थंडी पडली की कुठे ना कुठे एखादी स्टाउट नळावर येते आणि ती साधी, भाजलेली, कडवट असते तेव्हा तिच्यासारखं सुख नाही. पण गेल्या काही वर्षांत तीही गोड व्हायला लागलीये, एका ठिकाणी मला वेटरने सर डेझर्ट स्टाउट ट्राय करा म्हणून दिली, ग्लासाच्या कडेला चॉकलेट सॉस लावलेला. मिशीला चॉकलेट लावून मी घरी गेलो.

(काका, घरी बिअर करायचं ते तिकडेच करा, इथे लायसन्सशिवाय केली तर उत्पादन शुल्कवाले केक कापायला येतील.)

---

माल्ट_आणि_मिसळ

पाटीकाका, तुमच्या मिशीबद्दल सहानुभूती पण बिअर कडूच असायला हवी हे कुणी ठरवलं? गोड स्टाउट ही काही आत्ताच्या पोरांनी काढलेली नाहीये. मी मँचेस्टरला असते, आमच्या शेजारच्या आज्जी (गोऱ्या, नव्वदीच्या) सांगतात की त्यांच्या आईला बाळंतपणानंतर डॉक्टरने रोज एक बाटली स्टाउट सांगितलेली. तेव्हा केंटमधल्या हाइथची मॅकेसन ही मिल्क स्टाउट होती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, लेबलवर दुधाची किटली आणि जाहिरात अशी की एका पाइंटमध्ये दहा औंस दुधातली ताकद आहे. म्हणजे डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर जिथे आपण देतो तिथे हे लोक बिअर देत होते. आज कुठलाही डॉक्टर असं सांगणार नाही आणि कुणी सांगू पण नका, पण त्या काळी लोकांना खरंच पटलेलं. मग दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, सरकारने सांगितलं की दूध हा शब्द लेबलवरून काढा, यात दूध नाही. शब्द गेला, किटली राहिली.

आणि त्याच्याही आधी, काळी बिअर मुळात लंडनची, पोर्टर, हमालांची बिअर, हमाल म्हणजेच पोर्टर. त्यातली जास्त तगडी ती स्टाउट पोर्टर, पुढे नुसती स्टाउट. आज जो करपट काळेपणा आपल्याला स्टाउटचा वाटतो तो १८१७ नंतरचा, डॅनियल व्हीलरने कॉफी भाजायच्या ड्रमसारख्या ड्रममध्ये माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) काळं होईपर्यंत भाजायचं पेटंट काढलं तेव्हापासून. त्यामुळे अमुकच खरी स्टाउट आणि बाकी भेसळ असं म्हणायला गेलात तर तुमची भाजलेली कडवट पण भेसळच ठरेल एका काळातली.

पण एक कबूल करते. हा जो केकवाला प्रकार आहे, याला पेस्ट्री स्टाउट म्हणतात, आणि ते नाव चिडवायलाच पडलेलं, गेल्या दहा-बारा वर्षांतलं. स्टॉकहोमच्या ओम्निपोलोची पिकन मड केकवाली नोआ हे त्याचं नावाजलेलं उदाहरण. त्यात चांगली कुठली आणि वाईट कुठली हे ओळखायची माझी एकच रीत आहे. घोट गिळल्यावर शेवटी तोंडात काय राहतं? शेवटी भाजल्याची कडवट खमंग चव आली आणि तिने गोडवा पुसला तर ती बिअर आहे. गोडवाच चिकटून बसला, दात आंबल्यासारखे झाले, पाणी प्यावंसं वाटलं, तर ते सरबत. खरवड चांगली लागते ती थोडी करपलेली असते म्हणूनच ना, नुसती आटवलेली साय कुणी मागून खात नाही.

नाशिककर, तुम्ही पहिल्याच फटक्यात एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारलीत. लीड्सहून बसने जाण्यासारखं टॅडकास्टर आहे, तिथली सॅम्युअल स्मिथ ही यॉर्कशरची सगळ्यात जुनी ब्रुअरी, १७५८ ची. त्यांची ओटमील स्टाउट ५ टक्क्यांची, ओट्समुळे मऊ, गोड म्हणावी तर गोड, पण गुळाच्या चहाएवढीच. तिथून सुरू करा. मग यंग्जची डबल चॉकलेट, तिच्यात खरंच चॉकलेट असतं. बाकी लेबलवर चॉकलेट माल्ट लिहिलेलं दिसलं तर फसू नका, तो फक्त चॉकलेटच्या रंगाएवढा भाजलेला सातू. आणि सॅम स्मिथच्या पबात गेलात तर फोन खिशात ठेवा, तिथे मोबाइल चालत नाही आणि गाणीही नसतात, माझ्या नवऱ्याला ते नरकासारखं वाटतं आणि मला स्वर्ग.

---

दूध_नको_रे_बाबा

एकच सांगायला आलो. लॅक्टोज पचत नसेल तर मिल्क स्टाउट आणि पेस्ट्री स्टाउटपासून लांब राहा. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी म्हटलं बिअर आहे, दूध कुठलं. रात्रभर काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लेबलवर बारीक अक्षरात मिल्क लिहिलेलं असतं, वाचा. ओटमील स्टाउट, साधी आयरिश स्टाउट सहसा चालतात, माझ्यावर प्रयोग झालेला आहे.

---

नाशिककर_लीड्समध्ये

बापरे एवढं कुणी समजावलं नव्हतं, ऑफिसातले नुसते इट्स नाइस म्हणतात. माल्ट ताई, टॅडकास्टर बघतोच. काका, बुडाची तारीख बघितली कचऱ्यातून कॅन काढून, अकरा महिने जुना होता. आता कळलं मिरची कुठून आली.

अजून एक, याच्याबरोबर खायचं काय? बायकोने त्या दिवशी गुलाबजाम काढले होते, म्हटलं गोडाबरोबर गोड, तर दोन्ही बेचव झाले.

---

जहाजी_रत्नांग्री

गुलाबजामबरोबर काय पितोस रे, गोडावर गोड मारला की दोन्ही मरणारच. मी मर्चंट नेव्हीत, २२ वर्षं बंदरं फिरतोय, मला या पेस्ट्री बिस्ट्रीतलं कळत नाही पण गोड काळी बिअर मी कोलंबोत शिकलो. श्रीलंकेची लायन स्टाउट, आठ टक्क्यांच्या वरची, ही ब्रुअरी मुळात नुवारा एलियाच्या थंड डोंगरातली, आता कोलंबोजवळ बियागामाला. त्यात कसला नारळ नाही सिरप नाही तरी मनुका, कॉफी आणि जळक्या गुळाची चव येते. उकाड्याच्या देशांत अशी तगडी गोडसर स्टाउट पूर्वापार पितात, जमैकाला ड्रॅगन म्हणून आहे, तीही तशीच. मला आधी पटेना, घाम गळतोय आणि हे लोक काळी जाड बिअर पितायत, पण बोटीवरून उतरून एक प्यायलो आणि कळलं.

खाण्याचं म्हणशील तर खारट आणि तिखट. गोऱ्यांची जुनी सवय स्टाउट आणि कालवं, बरोबर आहे, कालवाचं खारटपण आणि तिची करपट चव छान बसते. आपण त्याच रस्त्याने जायचं, भाजलेला सुका बोंबील, सुकटीची चटणी, तळलेला बांगडा मसाला थोडा करपलेला. तुझी ती अकरा टक्क्यांची असेल तर मात्र मासे नकोत, तिला खारं चीज, निळ्या बुरशीचं ते वास मारणारं, तिकडे स्वस्त मिळेल तुला. नाहीतर नुसते खारे दाणे. गोडच हवं असेल तर बिनसाखरेचं कडू चॉकलेट, नाहीतर साधं व्हॅनिला आइस्क्रीम आणि वरून दोन चमचे स्टाउट ओत. चमचे म्हटलंय. कॅन नाही.

---

कोलोरॅडोचा_काका

जहाजी भाऊंनी आइस्क्रीम सांगितलं ते लाखातलं आहे.

एक हिशोब देतो, तिकडे युनिटमध्ये मोजतात म्हणून, एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध दारू. ४४० मिली ११ टक्के म्हणजे ४.८ युनिट. गिनिसचा पाइंट म्हणजे ५६८ मिली, चार टक्क्यांच्या जरा वर, जवळपास अडीच युनिटाच्या आत. म्हणजे तुझा एक कॅन म्हणजे दोन पाइंट गिनिस. आठवड्याला १४ च्या वर जाऊ नका असं ब्रिटिश डॉक्टर सांगतात, त्याचा तिसरा हिस्सा एका कॅनमध्ये गेला. गोड असल्याने कळत नाही, उसाच्या रसासारखी जाते. तो कॅन एकट्याचा नसतोच रे, तिघाचौघांत वाटायचा असतो, छोट्या ग्लासात, वाइनचा ग्लास असेल तर उत्तम, वास आत कोंडतो. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर, दहा-बारा डिग्रीला येऊ दे.

---

पुणेरी_पाटी

दोन चमचे आइस्क्रीमवर ओतायचे आणि बाकी तिघांत वाटायची. म्हणजे शेवटी ती बासुंदीच ठरली, वाटीत वाढायची. मी एवढंच म्हणत होतो.

---

नाशिककर_लीड्समध्ये

तीन आठवड्यांनी परत आलोय, रिपोर्ट द्यायला.

शनिवारी बायको, मी आणि तिच्या लॅबमधली एक सोलापूरची मुलगी असे तिघं बसलो. आधी टॅडकास्टरची ओटमील, मग लेफ्ट हँडची मिल्क स्टाउट (नायट्रोवाली, म्हणजे नायट्रोजन वायू भरलेली, सापडली, बाटली उलटी करून जोरात ओतायची म्हणतात, तशी ओतली तर फेस दुधाच्या उकळीसारखा वर आला आणि टेबलावर पण आला थोडा) आणि शेवटी एक पेस्ट्री, कॉफी नसलेली, तारीख बघून, दोन महिन्यांची. अर्धा तास बाहेर ठेवली, वाइनच्या ग्लासात बोटभर बोटभर.

ओटमील सगळ्यांना आवडली, काहीच भांडण नाही. मिल्क स्टाउटवर सोलापूरकरीण म्हणाली थंड केलेली कोल्ड कॉफी आणि मागून शेंगाची चटणी, आणि खरंच, शेंगा खमंग भाजल्यावर साल काळं होतं ना तो वास होता, मला आधी सुचलाच नव्हता. पेस्ट्रीला बायकोने पाच मिनिटं काही म्हटलंच नाही. ग्लास हातात धरून बसली, मग म्हणाली की आजीकडे पितळेच्या पातेल्यात बासुंदी आटवायचे तेव्हा खाली खरवड धरायची, ती आजी उलथन्याने काढून आम्हाला वाटायची, हे त्यातलं आहे, पण शेवटी कडू होतं ते चांगलं आहे, नाहीतर पिववलं नसतं. माल्ट ताई, तुमची शेवटच्या घोटाची परीक्षा तिने न वाचताच दिली.

बरोबर खारे दाणे आणि ते बुरशीचं चीज. चीजचा वास आल्यावर सोलापूरकरीण खिडकी उघडायला गेली पण पेस्ट्रीच्या घोटाबरोबर खाल्ल्यावर परत मागून घेतलं.

कॅनमध्ये थोडी उरली होती, ती या वेळी सिंकमध्ये नाही गेली, बायकोने रविवारी चॉकलेट केकच्या पिठात ओतली. पाटीकाका, केक मस्त झाला, तुम्ही जिंकलात समजा. आता मला एवढंच सांगा लीड्समध्ये सुका बोंबील कुठे मिळतो, जहाजींनी सांगितल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

---

माल्ट_आणि_मिसळ

ब्रॅडफर्डला बघा, तिकडे देशी दुकानं भरपूर आहेत, बाँबे डक म्हणून पाकिटात मिळू शकेल. भाजताना खिडक्या उघडा आणि स्मोक अलार्मखाली उभे राहू नका.